पानिपत हरलो ते बागपतला

दर संक्रांतीला पानिपतच्या तिसऱ्या लढाईचा तोच वाद रंगतो. पेशवेपुत्र विश्वासरावांना गोळी लागल्यावर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी हत्ती सोडायला हवा होता का? मल्हारराव होळकर का निघून गेले? गारद्यांचा, म्हणजे कवायती बंदुकधारी पायदळाचा, गोल (चौफेर संरक्षक रचना) कुणी मोडला? लोक हिरिरीने लिहितात, एकमेकांची घराणी काढतात. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी कुणाचं काय चुकलं यात मला आता फारसा रस उरलेला नाही. त्या दिवशी फौज उपाशी होती. उपाशी फौजेच्या सेनापतीपुढे निवडायला उरतंच काय?

माझ्या मते निकाल ऑक्टोबर १७६० मध्येच लागला. यमुनेला पाणी होतं, अब्दाली पलीकडे गंगा-यमुनेमधल्या दुआबात अडकलेला. भाऊ दिल्लीहून वर सरकले आणि १७ ऑक्टोबरला त्यांनी यमुनाकाठचा कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला. धान्य मिळालं, पैसा मिळाला, सगळे खुशीत. नदी आपल्याला उतरता येत नाही, तर अब्दालीलाही येणार नाही, हे जवळपास गृहीतच धरलेलं. अब्दालीने मात्र आठवडाभरातच दिल्लीच्या उत्तरेला बागपतजवळ फौज पाण्यात घातली. काही माणसं वाहून गेली, तरी तो थांबला नाही. उतारांवर आपला पुरेसा पहारा नव्हता. तो मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला.

तसं पाहिलं तर दोघांनीही एकमेकांची परतीची वाट अडवली होती. पण अब्दालीला त्याचा साथीदार रोहिला सरदार नजीबखानाच्या मुलखातून दाणा येत राहिला आणि आपली रसद आटत गेली. रसदीचं काम पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा बाजारबुणगे आणि यात्रेकरूच जास्त, आणि खाणारी तोंडं कमी करायला जागा नाही.

भाऊ नवखे नव्हते, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी फेब्रुवारीत उदगीरला त्यांनी निजामाला नमवलं होतं, आणि त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा वाटा मोठा होता. घोळ तिथेच झाला असं मला वाटतं. मल्हारराव आणि सूरजमल जाट सांगत होते की बायकापोरं आणि जड सामान मागे ठेवा, हलक्या घोडदळाने शत्रूला दमवा. उदगीर जिंकून आलेल्या माणसाला हा सल्ला जुनाट वाटला असणार. नुकताच मिळालेला विजय सेनापतीला जितका फसवतो, तितका पराभव फसवत नाही.

आता पालखेड बघा, १७२८. निजाम थेट पुण्यात शिरला. घर वाचवायला धावणं कुणालाही सुचलं असतं, पण बाजीराव उलट त्याच्याच मुलखावर, औरंगाबादच्या रोखाने गेले. निजामाला पुणं सोडून मागे यावं लागलं, जड तोफा वाटेत टाकाव्या लागल्या, आणि पालखेडजवळ तो पाण्यालाही महाग झाला. मोठी लढाई न होताच मुंगी-शेवगावचा तह झाला. कुठे आणि कधी भिडायचं, हे बाजीरावांनी निजामाला ठरवूच दिलं नाही.

हे एकट्या सेनापतीच्या हुशारीवर भागत नाही. वरच्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस लागतो, आणि ते ऐकून घेणारा वरचाही लागतो. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडला जर्मनांची सहावी आर्मी वेढली गेली, तेव्हा हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगने विमानांनी रसद पोचवू असं छातीठोक सांगून टाकलं. हिटलरला तेच हवं होतं. गरजेच्या निम्मीही रसद पोचली नाही, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये सुमारे ९१ हजार जण कैद झाले. उलट १९७१ च्या एप्रिलमध्ये, लष्करप्रमुख माणेकशॉ स्वतः सांगत त्याप्रमाणे, त्यांनी इंदिरा गांधींना तोंडावर सांगितलं की आत्ता नाही. पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या फुगतील, सैन्याची जमवाजमवही पुरी नाही. हा किस्सा पुढे रंगवला गेला असेल, काही अभ्यासक तसं म्हणतातही. पण युद्ध डिसेंबरात झालं आणि १३ दिवसांत आटोपलं, हे तर खरंच.

म्हणून भाऊंवर लिहिताना नानासाहेब पेशव्यांना सोडू नका. दिल्लीत भाऊंवर दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून नाणी पाडायची वेळ आली होती, इतकी खजिन्याची अवस्था वाईट. ती पुण्याला कळत नव्हती असं थोडंच आहे? डिसेंबर १७६० च्या अखेरीस, पानिपतावर उपासमार सुरू असताना, पेशवे पैठणला स्वतःचं दुसरं लग्न करत होते. मदतीला म्हणून ते उत्तरेकडे निघाले ते त्यानंतर.