काळं अरण्य आणि आमची राई

सह्याद्रीतल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा विषय निघाला की गावाकडून हमखास विचारणा होते, "तुमच्या जर्मनीत कसं करतात?" मी फ्रायबुर्गला राहते. पाठीशी श्वार्त्सवाल्ड, म्हणजे काळं अरण्य. इथे सरकारने जंगल राखायचं म्हटलं आणि लोकांनी मान डोलावली, असं सगळ्यांना वाटतं. तसं घडलेलं नाही.

2013 साली राष्ट्रीय उद्यानाचा बेत आला तेव्हा बायर्सब्रॉनसह सात गावांनी मतदान घेऊन मोठ्या बहुमताने नकार दिला. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची साल पोखरणारे भुंगेरे उद्यानात माजतील आणि शेजारच्या खासगी जंगलात शिरतील, ही भीती खरीच होती. तरी 2014 मध्ये सुमारे 10,000 हेक्टरचं उद्यान झालं. लोकांना डावललं, हे मला आजही पटत नाही. पण त्यांची भीती तरी ऐकली गेली. कडेने किमान 500 मीटरचा पट्टा ठेवला, तिथली किडलेली झाडं काढून नेतात. उद्यानाच्या परिषदेत स्थानिक प्रतिनिधी राज्य सरकारच्या बरोबरीने बसतात.

आपल्याकडे पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने 2011 मध्येच ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं होतं. संवेदनशील क्षेत्राच्या केंद्र सरकारच्या 2024 च्या मसुद्यात महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर आहेत. आमचं संगमेश्वराकडचं गाव त्यात आहे, हे चुलतभावाला वर्तमानपत्र वाचून कळलं. तो चिडला, त्यात त्याचं काय चुकलं?

इथून जवळच्या एल्त्साख गावी फास्नेटच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या दिवसांत लाल झालरींच्या अंगरख्यातली, लाकडी मुखवट्यांची शुटिग नावाची सोंगं गल्ल्यांतून धावत सुटतात. टोपीवर गोगलगायींचे शंख, हातात फुगवलेलं डुकराचं मूत्राशय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमचा शिमग्यातला संकासुरच आठवला आणि डोळे भरून आले. पण आमच्याकडे सोंगं आणि पालखी यांच्या मागे राई आहे, देवाच्या नावाने राखलेलं रान. देवाच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा आजी चुलीत घालू देत नसे. कायद्याआधी कित्येक पिढ्या हे संरक्षण चालत आलं, आणि तेच आता संपत चाललंय. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आमच्या राईतली दोन जुनी झाडं गेली. तिथे आता सिमेंटचा सभामंडप आहे. ती झाडं सरकारने नाही, आम्हीच तोडली.

या शिमग्याला जाणार आहे. पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवतात त्या चौथऱ्यावर, असताना सगळं गाव जमतं. तेव्हाच विचारेन: उरलेली राई तरी संवेदनशील क्षेत्र म्हणून आपण होऊन लिहून द्यायची का?