शत्रूला शूर म्हणण्याबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

१९६५ च्या भारत-पाक युद्धातली असल उत्तर आणि १९७१ च्या युद्धातली बसंतर या दोन रणगाड्यांच्या लढायांवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चार दिवसांत अनेकदा वाचली. दोन ओळींत आभार मानून बाजूला ठेवावी अशी ती नाही. तुमचे काका डिसेंबर १९७१ मध्ये शकरगढच्या आघाडीवर, म्हणजे बसंतरची लढाई झाली त्या भागात, रणगाड्यात लोडर होते, हे तुम्ही आधी सांगितलंत आणि मग तीन आक्षेप घेतलेत. पाकिस्तानच्या अमेरिकी बनावटीच्या पॅटन रणगाड्यांचा पराभव उसानं आणि चिखलानं केला असं म्हणून मी जवानांचं श्रेय मातीला दिलं, हा पहिला. पाकिस्तानी लेफ्टनंट कर्नल महंमद अक्रम राजा यांच्या शौर्याबद्दल आदरानं लिहून मी आपल्या हुतात्म्यांचा अपमान केला, हा दुसरा. आणि ज्यानं रणगाडा अंगावर येताना कधी पाहिला नाही त्यानं धैर्यावर लिहू नये, हा तिसरा.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. 'चिखलानं पॅटनला हरवलं' हे माझं वाक्य चुकीचं होतं. ते मी लेखातून काढलं आहे आणि काढल्याची नोंद खाली ठेवली आहे. ऊस खरा होता, पाणीही खरं होतं. पण असल उत्तरजवळच्या, पंजाबातल्या खेमकरणच्या त्या शेतांत पाणी आपोआप शिरलं नव्हतं. आपल्या सैनिकांनी ते सोडलं होतं. आणि उभ्या उसाचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा त्यात दडलेला माणूस समोरचा रणगाडा जवळ येईपर्यंत तोफेचा चाप न ओढता बसून राहतो.

त्या बसून राहण्याबद्दल मी लेखात पुरेसं लिहिलं नाही, ही माझी खरी चूक. ४ माउंटन डिव्हिजन ही १९६२ च्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, मार खाल्लेली डिव्हिजन. ६ सप्टेंबर १९६५ ला तिनं चढाई केली ती फसली, मोठी हानी झाली, काही तुकड्या विस्कळीत झाल्या. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी उरलेलं सैन्य मागे घेऊन असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधले. दोन दिवसांपूर्वी ज्यांचे पाय उखडले होते, त्याच माणसांसमोर ८ सप्टेंबरला पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन आले. काही ठिकाणी रणगाडे खंदक ओलांडून मागेपर्यंत गेले. पायदळ खंदकातून हललं नाही. डोक्यावरून रणगाडा जात असताना खाली बसून राहायचं, कारण त्याच्या मागून येणाऱ्या पायदळाला अडवायचं आहे. याला कोणता शब्द वापरावा? 'आक्रमक', 'धडाकेबाज', 'तुटून पडले' असे आपल्याकडचे शौर्याचे बहुतेक शब्द धावण्याचे आहेत. न हलण्याला आपल्याकडे शब्दच कमी, म्हणून अशा लढाया सांगताना आपण उसाकडे आणि चिखलाकडे वळतो. मीही तेच केलं.

मग अब्दुल हमीद. ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, म्हणजे कंपनीचं सामानसुमान सांभाळणारा माणूस. त्यांच्याकडे होती जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. या तोफेचं वैशिष्ट्य समजलं नाही तर त्यांनी काय केलं हे समजत नाही. गोळा सुटला की मागच्या बाजूनं आगीचा झोत आणि धुरळ्याचा लोट उठतो. समोरच्याला तुमची जागा त्याच क्षणी कळते. जीपला चिलखत नाही. म्हणून एक गोळा मारायचा, जीप हलवायची, आडोसा शोधायचा, पुन्हा नेम धरायचा. हमीद हे पुन्हा पुन्हा करत राहिले आणि १० सप्टेंबरला एका रणगाड्याशी समोरासमोर गाठ पडली तेव्हा कामी आले. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. त्या लढाईत पाकिस्ताननं सुमारे ९७ रणगाडे गमावले आणि पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ जिथे ओळीनं उभे केले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. हा आकडा मी लेखात दिला होता. माणसांबद्दलचं हे सगळं मात्र एका वाक्यात गुंडाळलं होतं. तुमचा राग इथे रास्त आहे.

दुसरा आक्षेप मला मान्य नाही. तो का मान्य नाही हे सविस्तर सांगायला हवं, कारण तुम्ही जे विचारलंत ते अनेकजण मनात विचारतात.

अक्रम राजांची ओळख आपल्याला कुणी करून दिली? पाकिस्तानी लेखकांनी नव्हे. मेजर होशियार सिंग यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात त्यांचं नाव आहे. १७ डिसेंबर १९७१ ला बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ ३ ग्रेनेडियर्सच्या मोर्च्यावर ३५ फ्रंटियर फोर्स या पाकिस्तानी पलटणीनं जोरदार प्रतिहल्ला केला. होशियार सिंग गंभीर जखमी होते, तरी या खंदकातून त्या खंदकात जात जवानांना उभं ठेवत होते. मशीनगनवरचा जवान जखमी झाला तेव्हा ती गन त्यांनी स्वतः चालवली. हल्ला परतवला गेला, आणि मानपत्र सांगतं की शत्रू ८५ मृत मागे टाकून हटला, त्यात त्यांचा कमांडिंग ऑफिसर होता. ते अक्रम राजा. पलटणीचा प्रमुख, ज्याची जागा एरवी मागे वायरलेसजवळ असते, तो आपल्या माणसांच्या पुढे चालत येताना पडला.

यानंतर जे घडलं त्याचं श्रेय ३ ग्रेनेडियर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल वेदप्रकाश ऐरी यांचं आहे. त्यांना स्वतःला या लढाईसाठी महावीर चक्र मिळालं. त्यांनी अक्रम राजांच्या शौर्याची लेखी प्रशस्ती करून ती पलीकडे पोचवली, आणि पाकिस्ताननं राजांना हिलाल-ए-जुरत हे आपलं दुसऱ्या क्रमांकाचं शौर्यपदक दिलं. ज्या माणसाच्या पलटणीवर तो हल्ला झाला होता, ज्याचे जवान त्या सकाळी मेले होते, त्यानं हे लिहिलं. मी लिहिलेलं तुम्हाला खटकलं. पण मी ऐरींच्या मागे उभा राहून लिहिलं आहे. आपल्या हुतात्म्यांचा मान कशात आहे हे ठरवण्याचा हक्क त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही.

आणि क्षणभर तुमच्या बाजूनं विचार करून बघू. समजा, समोरून आलेले भेकड होते. मग होशियार सिंग यांनी जखमी अवस्थेत ती मशीनगन कशासाठी धरली? भेकडांना परतवायला परमवीर लागत नाही.

तुमच्या आक्षेपाच्या मागे मात्र एक वेदना आहे आणि ती मी बाजूला सारणार नाही. त्याच वर्षी त्याच सैन्यानं पूर्व पाकिस्तानात जे केलं ते भयंकर होतं. सुमारे एक कोटी माणसं जीव मुठीत धरून भारतात आली. त्या सैन्याच्या गणवेशातल्या माणसाला शूर म्हणताना माझाही हात अडखळला होता. अडखळूनही मी ते लिहिलं, कारण धैर्य आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला प्रामाणिकपणे वाटतं. माणूस अन्याय्य बाजूनं धैर्यानं लढू शकतो. धैर्य म्हणजे सगळे सद्गुण नव्हेत. आपण ते सगळे सद्गुण एकाच शब्दात कोंबतो, आणि मग शत्रूला शूर म्हटलं की त्याची बाजूच बरोबर ठरवल्यासारखं वाटतं. १९७१ मध्ये भारताची बाजू न्याय्य होती हे सांगायला मला अक्रम राजांना भित्रं ठरवावं लागत नाही.

याच लढाईतली दुसरी गोष्ट मी लेखात घेतली नव्हती. ती आता सांगतो.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १९५० चा, पुण्याचा. जून १९७१ मध्ये ते पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये दाखल झाले. डिसेंबरमध्ये बसंतर नदीपलीकडच्या आपल्या पायदळावर रणगाड्यांचा हल्ला येतो आहे असं कळलं, तेव्हा वाटेतले भूसुरुंग अजून पुरते काढून झालेले नव्हते. पूना हॉर्सचे प्रमुख कर्नल हनूत सिंग यांनी तरी रणगाडे पुढे घातले. १६ डिसेंबरला खेत्रपालांच्या 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली, मागे ये असा हुकूम आला, आणि त्यांनी कळवलं की तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही. शेवटचा रणगाडा त्यांनी टिपला तो जेमतेम शंभर मीटरवर. वय एकवीस. त्याच दिवशी दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली.

त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल यांचा जन्म सरगोध्याचा. २००१ मध्ये, ऐंशी वर्षं उलटून गेल्यावर, ते आपलं जुनं गाव पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये त्यांचं आतिथ्य ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासेर यांनी केलं. मुक्कामाच्या शेवटच्या रात्री नासेर यांनी त्यांना सांगितलं की १६ डिसेंबरला १३ लान्सर्स या पाकिस्तानी रेजिमेंटच्या, अरुणच्या समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. पुढे त्यांनी एक फोटो पाठवला. त्यावर अरुणच्या नावाआधी 'शहीद' हा शब्द होता, आणि १३ लान्सर्सच्या प्रतिहल्ल्याच्या यशापयशामध्ये तो खडकासारखा उभा राहिला असं लिहिलं होतं.

नासेर गप्प राहू शकले असते. म्हातारा पाहुणा चार गोड आठवणी घेऊन परत गेला असता. पण तीन दशकं पोटात ठेवलेलं त्यांनी त्याच माणसाला सांगितलं, ज्याला ऐकताना सगळ्यात जास्त लागणार होतं. अरुणला शूर म्हणणारा पहिला साक्षीदार कोण, असं विचारलं तर मी नासेर यांचं नाव घेईन, कारण समोरच्या रणगाड्यातून त्यांनी त्याला लढताना पाहिलं होतं. त्यांनी दिलेला 'शहीद' हा शब्द आपण आनंदानं घेतो. मग ऐरींनी पलीकडे पाठवलेला शब्द आपल्याला का जड जावा?

तिसऱ्या आक्षेपावर फार बोलत नाही. मी रणगाडा समोरून येताना पाहिलेला नाही, हे खरं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात उभ्या असलेल्या पॅटनच्या पट्ट्यांना हात लावला आहे, एवढंच. त्या थंड लोखंडावरून लढाई कळत नाही. पण ज्यांनी पाहिलं ते बहुतेक बोलत नाहीत. तुम्हीच लिहिलंत की काका कधी काही सांगत नाहीत, मात्र काही रात्री उठून बसतात. सगळेच गप्प राहिले तर पुढच्यांना फक्त आकडे मिळतील, ९७ रणगाडे आणि ८५ मृत.

काका लोडर होते हे वाचल्यापासून मी त्यांचाच विचार करतो आहे. सेंच्युरियनमध्ये चार माणसं. कमांडर वर डोकं काढून मैदान बघतो. गनरच्या डोळ्याला दुर्बीण असते. ड्रायव्हर पुढे असतो. लोडर तोफेच्या बाजूला उभा राहून गोळे भरतो आणि वायरलेसही सांभाळतो. लढाई ऐन भरात असताना त्याला बाहेर बघायला सवड नसते. समोर किती रणगाडे आहेत, किती जवळ आले आहेत, आपल्यावर कोण नेम धरतो आहे, हे त्याला कानांतल्या आवाजावरून कळतं. आत बारुदाचा धूर, पायाशी रिकामी पितळी टरफलं, बाजूला रचलेले जिवंत गोळे, आणि मागे पेट्रोलवर चालणारं इंजिन. त्यानं फक्त पुढचा गोळा उचलायचा.

फामागुस्तामध्ये ड्रायव्हर सवार प्रयाग सिंग होते, गनर सवार नथू सिंग, आणि वायरलेस सवार नंद सिंग यांच्याकडे होता. नंद सिंग त्या दिवशी मारले गेले. रणगाडा सोडायचा नाही हा निर्णय अरुणचा होता, पण तोफ चालती ठेवणारे हात त्या तिघांचेही होते. माझ्या लेखात ही तीन नावं नव्हती. काल रात्री घातली.

एक विनंती आहे, मानावीच असं नाही. काकांना लढाईबद्दल विचारू नका. त्यांच्या रणगाड्याला नाव होतं का, आणि असलं तर काय होतं, एवढंच विचारून बघा. जमलं तर गनर आणि ड्रायव्हर कोण होते हेही. त्यांची हरकत नसेल तर मला कळवा. आणि ते नको म्हणाले, तर तेवढं कळवलंत तरी चालेल.