'दहापैकी सात काजू कारखाने आमच्याच ईआरपीवर': हे गणित एकदा मांडून बघा

हंगाम तोंडावर आला की काजू कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सॉफ्टवेअरवाल्यांची पत्रकं फिरू लागतात. कंपन्या वेगवेगळ्या, मजकूर साधारण एकच: 'कोकणात दहापैकी सात काजू कारखाने आमच्या ईआरपीवर. जगातही आम्ही आघाडीवर. मग तुम्ही मागे का?' (ईआरपी म्हणजे खरेदी, उत्पादन, गोदाम आणि हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर.)

'दहापैकी सात.' पण दहा कोणते? वेंगुर्ल्यापासून दोडामार्गपर्यंत घराच्या पडवीत बी फोडणारे यात धरलेत का? समजा, एका भागात १०० युनिटं आहेत. ८० जणांचा हिशोब वहीवर किंवा टॅलीत, २० जणांकडे ईआरपी, आणि त्यातले १४ या कंपनीचे गिऱ्हाईक. १४ ला २० ने भागलं की ७० टक्के, १०० ने भागलं की १४ टक्के. पत्रकावर ७० छापतात.

'आमच्या ईआरपीवर.' विकलेलं की वापरात असलेलं? लायसन्स घेतलं, जीएसटीची बिलं त्यातून निघतात, पण भट्टीपासून ग्रेडिंगपर्यंतचा सगळा हिशोब रजिस्टरमध्ये, असं सर्रास चालतं. शिवाय एकाच कारखान्यात हिशोबाला एक सॉफ्टवेअर आणि गोदामाला दुसरं असलं की दोन्ही कंपन्या तो आपल्यात मोजतात. म्हणून विचारायचं एवढंच: यंदाची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची फी, किती जणांनी भरली?

'जगात आघाडीवर.' इथे बहुतेक वेळा गार्टनर या संशोधन कंपनीच्या मॅजिक क्वाड्रंटचं, म्हणजे सॉफ्टवेअर कंपन्यांची चार चौकटींत तुलना करणारं, चित्र चिकटवलेलं असतं. त्या चित्राचे दोन अक्ष आहेत: दृष्टी किती परिपूर्ण आणि अंमलबजावणीची क्षमता किती. बाजारहिस्सा हा त्यातला अक्षच नाही. आणि जिथे हिस्सा खरोखर मोजलेला असतो तिथेही तो बहुधा महसुलावरून काढतात. २००५ साली ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने पीपलसॉफ्ट ही दुसरी ईआरपी कंपनी विकत घेतली, तेव्हा एकही नवा कारखाना न जोडता ओरॅकलचा हिस्सा वाढला.

'मग तुम्ही मागे का?' खरी फसगत इथे होते. सगळे आकडे खरे मानले तरी ते सॉफ्टवेअर काजूला चालेल असं ठरत नाही. साधी ईआरपी जुळणीच्या कारखान्यासाठी बांधलेली असते: दहा सुटे भाग आत, एक वस्तू बाहेर. काजूत उलटं. एका लॉटमधून डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२०, पाकळी, तुकडा, वर टरफल आणि साल. (डब्ल्यू म्हणजे अख्ख्या गराचे ग्रेड; डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर.) वेंगुर्ला-७ या जातीची बी मोठी, तिचा लॉट मिसळला की ग्रेडचं प्रमाणच बदलतं. म्हणून ठरावीक उतारा (किती बीतून कोणता गर किती) टाकून ठेवलेलं सॉफ्टवेअर स्टॉक चुकवतं.

लॉटच्या खर्चाची ग्रेडवार वाटणी त्याहून नाजूक. ती वजनावर केली की तुकडा आणि डब्ल्यू-१८० यांचा किलोमागे खर्च सारखाच पडतो. तुकडा तोट्यात दिसतो, मोठा गर स्वस्त पडल्यासारखा वाटतो आणि ऑर्डर घेताना त्याचा दर पाडून दिला जातो. वाटणी विक्रीमूल्याच्या प्रमाणातच हवी.

डेमो मागताना आपल्याच मागच्या हंगामातल्या एका लॉटचे आकडे द्या, १,००० किलो बीचे. वाळवणीतली घट, गराचे सगळे ग्रेड, टरफल, साल: बेरीज पुन्हा १,००० वर यायला हवी. मग एक ग्रेड निवडून त्याचा लॉट मागे कोणत्या खरेदीपर्यंत जातो ते काढून दाखवायला सांगा. शेतकऱ्याकडून घेतलेल्या न सोललेल्या बीवर जीएसटी रिव्हर्स चार्जने खरेदीदारालाच भरावा लागतो. ते बीजक सॉफ्टवेअर आपोआप काढतं, की अकाउंटंट रात्री बसून हाताने भरतो, हेही तिथेच बघा. आणि पत्रकातल्या सातांपैकी तीन काजूवाल्यांचे पत्ते मागून घ्या. त्यांच्याकडे एप्रिलमध्ये जायचं, बीच्या गाड्या उतरत असताना.