मागी लोकांनी तारा विकत घेतला नव्हता

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन. ही बाई नऊला दिवा मालवून झोपणारी, त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव पाहूनच पोटात गोळा आला. तब्येत ठणठणीत होती. प्रश्न एवढाच होता : "अरे, जुन्या पाटल्या मोडल्या तर तोळ्याला काय धरतात रे हल्ली?"

पाटल्या तिच्या सासूच्या आहेत. काकांच्या आजारपणातसुद्धा तिने त्यांना हात लावला नव्हता. मग आता कशाला? खोदून खोदून विचारल्यावर तिने तो संदेश मला पुढे ढकलला. 'मागी लोकांचं गुपित' असं नाव, वर चमचमता तारा, खाली एका उपदेशकाचा आवाज आणि त्याच्याही खाली क्यूआर कोड. दोन दिवसांत हाच संदेश मला आणखी तीन नातेवाइकांकडून आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

संदेशाचं म्हणणं असं. नाताळच्या गोष्टीत बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांना, म्हणजे मागी लोकांना, देवाने निवडलं, कारण ते देणारे होते. त्यांनी आधी सोनं बाजूला काढलं, म्हणून त्यांना तारा दिसला. प्रत्येक माणसाचा असा एक तारा असतो आणि आपला कधी उगवेल ते हे उपदेशक प्रार्थनेत पाहून सांगतात. मेंढपाळ रिकाम्या हाताने आले, म्हणून शास्त्रात त्यांचं पुढे काही झालं नाही. तेव्हा 6 जानेवारीच्या आत आपलं सोनं 'पेरा' आणि हा संदेश बारा जणांना पाठवा.

राजांचं आधी उरकून घेतो. बायबलमधलं पहिलं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, ज्याच्या नावावर आहे तो मत्तय त्यांना राजे म्हणत नाही आणि तीनही म्हणत नाही. 'पूर्वेकडून मागी लोक', म्हणजे आकाशातल्या खुणा वाचणारे, एवढंच लिहितो. भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन धरली गेली. सिरियातल्या जुन्या परंपरेत ती बारा आहेत आणि रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या चित्रांत कुठे दोन, कुठे चार. राजेपण आणि उंट जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या साठाव्या अध्यायातून आले असावेत. तिथे राजे आहेत, उंटही आहेत आणि सोनं-ऊदही आहे. गास्पार, मेल्खियोर, बाल्थासार ही नावं इटलीतल्या रावेन्नाच्या सहाव्या शतकातल्या भित्तिचित्रावर दिसतात, शुभवर्तमानात नाहीत. यात कुणाचं काही बिघडत नाही. गोव्यात चांदरला, कासावलीला 6 जानेवारीला मुलं मुकुट घालून राजे होतात, रेइश मागूशच्या चर्चला तर नावच त्यांचं आहे. तो सण आहे आणि छान आहे. आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाटकातही तीनच राजे असायचे, कारण सोनेरी कागदाचे मुकुट तीनच होते. पण मुकुटाच्या जोरावर 'देव आधी श्रीमंतांना बोलावतो' असा सिद्धांत काढायचा असेल, तर मुकुट आधी शास्त्रात दाखवा.

आता सोन्याकडे येतो, कारण पाटल्या तिथे अडकल्या आहेत.

मत्तयाचा दुसरा अध्याय उघडा. पहिली बारा वचनं वाचा, चहा निवायच्या आत वाचून होतात. फक्त क्रम बघा. त्यांना तारा दिसला. ते निघाले. यरुशलेमेत येऊन विचारपूस करू लागले. शास्त्र्यांकडून बेथलेहेमचं वचन कळलं. पुन्हा तारा दिसला आणि त्यांना अतिशय आनंद झाला. घरात गेले, बाळ आईजवळ दिसलं, पाया पडले. आणि हे सगळं झाल्यावर, अकराव्या वचनाच्या शेवटी, त्यांनी थैल्या सोडल्या.

सोनं सगळ्यांत शेवटी येतं. हा उपदेशक ते उचलून सगळ्यांत पुढे ठेवतो. पूर्ण कारभार या एका उचलाउचलीवर उभा आहे.

यावर संदेशात एक चलाख वाक्य आहे : 'ते सोनं त्यांनी घरून निघतानाच बांधलं होतं ना?' बांधलं असणारच, बेथलेहेमच्या बाजारात घेतलं नसणार. पण का बांधलं? दुसऱ्या वचनात ते स्वतःच कारण सांगतात : आम्ही त्याचा तारा पाहिला, म्हणून नमन करायला आलो. पाहिला म्हणून आलो. दिलं म्हणून दिसला, असं नाही. मागी लोकांकडे कोणी काही मागितलंच नव्हतं. स्वर्गातून कुणी रक्कम सांगितली नाही आणि 6 जानेवारीची मुदतही घातली नाही.

आणि ज्या घरात हे सोनं पोचलं, त्या घरची परिस्थिती काय होती? लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, चोविसावं वचन. बाळाला मंदिरात नेलं तेव्हा मरीया-योसेफ अर्पण कशाचं करतात? होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिल्लं. जुन्या करारातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, नियम स्पष्ट आहे : बाळंतिणीने कोकरू आणावं, कोकराची ऐपत नसेल, तर ही दोन पाखरं. म्हणजे ज्या आईच्या मांडीवर तो होता, तिला एक कोकरू परवडत नव्हतं. देवाला सोनं देणाऱ्यांचंच घर हवं असतं तर त्याने आधी पत्ता नीट निवडला असता. मावशीला मी हे वचन फोनवरच वाचायला लावलं. ती बराच वेळ गप्प होती.

पैसे देऊन देवाचं दान मिळवू पाहणारा एक माणूस नव्या करारात आहे, त्याचंही ऐका. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय, शोमरोनातला शिमोन. गंमत अशी की त्याचा धंदाही मागी लोकांच्याच जातकुळीचा, जादूटोण्याचा. ग्रीकमध्ये शब्दाचं मूळ एकच आहे. त्याने येशूचा शिष्य पेत्र याच्यापुढे पैसे ठेवले. पेत्राने क्यूआर कोड दाखवला नाही. तुझा पैसा तुझ्यासकट नष्ट होवो, देवाचं दान पैशाने मिळेल असं तुला वाटलंच कसं, असं तोंडावर सुनावलं. नाताळच्या पत्रिकेवर हे वचन कोणी छापत नाही, ते सोडा. पण एक मागी पैसे आधी ठेवतो आणि शिव्या खातो, दुसरे शेवटी ठेवतात आणि आनंदाने घरी जातात, एवढा फरक उपदेशकाने वाचला असता तर बरं झालं असतं.

ताऱ्याच्या मुद्द्यात मात्र, मनावर दगड ठेवून सांगतो, अर्धं सत्य आहे. देवाने या लोकांना ताऱ्यानेच बोलावलं, हे नाकारता येत नाही. ते आकाश वाचणारे होते. बाबेलच्या नक्षत्रं बघणाऱ्यांची यशया सत्तेचाळिसाव्या अध्यायात यथेच्छ टर उडवतो. तरीही देवाने त्यांना आधी धंदा सोडा, मग बोलू असं म्हटलं नाही. ते रोज जिथे मान वर करून बघायचे, तिथेच त्याने खूण ठेवली. मला या गोष्टीतली हीच सगळ्यांत सुंदर बाब वाटते आणि म्हणूनच तिची अशी पत्रिका-कुंडली करून टाकलेली बघवत नाही.

कारण तो तारा मागी लोकांचा नव्हता. 'त्याचा तारा' असं ते म्हणतात, बाळाचा. तुमचा-माझा खाजगी तारा, तोही दुसऱ्याने बघून सांगायचा, असलं काही त्यात नाही. आणि नुसत्या ताऱ्याच्या भरवशावर ते पोचले कुठे? यरुशलेमेत, हेरोद राजाच्या दारात. त्या चौकशीपायी पुढे हेरोदाने बेथलेहेमची लहान मुलं मारवली ते सोळाव्या वचनात आहे, तो भाग संदेशात नाही. बेथलेहेम हे नाव त्यांना मिळालं मीखा संदेष्ट्याच्या वचनातून. आणि ते वचन ज्यांना तोंडपाठ होतं ते मुख्य याजक आणि शास्त्री? बेथलेहेम तिथून दहा किलोमीटरही नाही. त्यांच्यातला एकही उठून गेल्याचं मत्तय लिहीत नाही. रविवारच्या शाळेत वचनं पाठ करून बक्षिसं मिळवलेल्या माझ्यासारख्याला हा भाग दरवर्षी टोचतो. खूण, वचन आणि पाय हलवण्याची तयारी, तिन्ही लागली. आणि पाय त्यांचे स्वतःचे होते, मध्ये एजंट नव्हता.

मेंढपाळांबद्दल जे लिहिलंय ते वाचून मात्र राग आवरत नाही. 'पुढे काही झालं नाही'? लूकच्या गोष्टीत जन्माची बातमी मरीया-योसेफाबाहेर सर्वांत आधी त्यांनाच कळते, त्याच रात्री, कळपाची राखण करताना. मागी येईपर्यंत तर कुटुंब घरात राहायला गेलेलं आहे. मेंढपाळांना खूण काय मिळाली? आकाशातली नाही. बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं बाळ. ज्यांचा जन्म जनावरांत गेला त्यांना गव्हाणीची खूण, ज्यांचा आकाश बघण्यात गेला त्यांना ताऱ्याची. मंदिरातल्या म्हाताऱ्या शिमोनाला (हा वेगळा शिमोन) यातलं काहीच नाही, आतून आत्म्याची प्रेरणा झाली आणि तो नेमक्या वेळी मंदिरात आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा आकडा जिच्याबद्दल दिलाय ती विधवा हन्ना मंदिर सोडून कुठे जातच नव्हती. तिच्यासाठी बाळच तिथे आलं. योसेफाला स्वप्न. पाच जणांना पाच वाटांनी, आणि एकाकडूनही आगाऊ रक्कम घेतलेली नाही. पुढे काय झालं म्हणाल, तर मेंढपाळ देवाचा गौरव करत परत आपल्या मेंढरांकडे गेले. तेवढं पुरेसं नव्हतं का?

आपल्याकडचंच बघा. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच घरातल्या लक्ष्मीबाईंना ना ती आगगाडी भेटली ना तो प्रवासी. त्यांनी नवऱ्यामागे लगेच उडी मारली नाही; भांडल्या, रडल्या, वेगळ्या राहिल्या आणि काही वर्षांनी आपल्या पायांनी, आपल्या कारणांनी आल्या. एका छपराखालच्या दोघांना जर एक वाट लागू पडली नाही, तर व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एकच कोड कसा चालेल?

बारा जणांना पाठवण्याबद्दल काय बोलू. बारा शिष्यांचा आकडा धरलाय, म्हणजे त्यात येशूला पकडून देणारा एक यहूदाही आला.

देऊच नका असं मी म्हणत नाही. मावशी गेली कित्येक वर्षं मंडळीच्या अर्पणात आपला वाटा टाकते, शेजारणीच्या नातवाची फी भरते, ते तिने मला कधी सांगितलंही नाही. ते देणं अकराव्या वचनातलं आहे. पाटल्या मोडून ताऱ्याची वाट बघणं हे शिमोनाचं, शोमरोनातल्या.

काल तिचा पुन्हा फोन आला. पाटल्या कपाटात परत गेल्यात. पण आवाजात कुरकुर होती.

"म्हणजे मेंढपाळांनी खरंच काहीच नेलं नाही? थोडं दूधसुद्धा नाही?"

"लूकने लिहिलेलं नाही, मावशी."

"मग तू चौथीत असताना नाटकात ते कोकरू काखोटीला मारून का उभा होतास? माझ्या लोकरीच्या शालीचं केलं होतं ते. अख्खी शाल वाया गेली."