माझा जबडा, ट्यूबलाइटच्या उजेडात

चार महिने उजवा गाल ठणकतोय आणि फक्त उजव्याच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येतंय. वाफ झाली, अँटिबायोटिक झालं, पुन्हा वाफ झाली. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी हनुवटी वर करवून एक्स-रे काढला. उजवा सायनस, म्हणजे गालामागची हवेची पोकळी, भरलाय, म्हणाले. कशाने, ते त्यात दिसेना. चौथ्या भेटीत त्यांनी विचारलं, "वरच्या दाढेचं काही केलं होतं का?" केलं होतं की, सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल! चार महिन्यांत हे विचारायला कुणाची हरकत होती?

मग दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या चिठ्ठीवर ओपीजी, म्हणजे अख्खा जबडा एकाच फोटोत दाखवणारा एक्स-रे. मंगळसूत्र, कुड्या, चष्मा, केसांतले चाप, सगळं एका ट्रेमध्ये. कुडी राहिली तर तिची भुतासारखी सावली फोटोत पलीकडच्या बाजूला उमटते म्हणे. प्लॅस्टिकचा तुकडा चावायचा, जीभ टाळूला चिकटवायची आणि वर "मॅडम, रिलॅक्स". यंत्र डोक्याभोवती फिरून आलं.

खरा तमाशा बाहेर झाला. मी ट्रेमधले चाप मोजत असताना बाकावरच्या काकांनी माझी फिल्म "बघू जरा" म्हणत उचलली आणि ट्यूबलाइटसमोर धरली.

"उजवीकडे काही नाही हो तुमच्या. डावीकडे बघा, सगळं पांढरं."

"काका, फिल्मवर माझी उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते."

"मी चौतीस वर्षं रेल्वेत ड्रॉइंग वाचलीयत. उजवं म्हणजे उजवं."

शेजारच्या काकूंनी मान पुढे काढली. "एवढी फिलिंग? गोड फार खाता का?" एक पोरगं "भूत, भूत" ओरडायला लागलं. काका मात्र कामात. "ही आडवी रेघ दिसतेय? हाडाला चीर आहे. आमच्या मेहुण्याची डिट्टो अशीच." (ती टाळूच्या हाडाची सावली. प्रत्येकाच्या ओपीजीत असते. मेहुण्यांनाही कळवा.) माझा जबडा परत मिळेपर्यंत तो चार जणांच्या हातांतून फिरला होता.

डॉक्टर म्हणाले, ओपीजी म्हणजे वाकडा जबडा पापडासारखा लाटून सपाट केलेला. पुढच्या-मागच्या सावल्या एकमेकींवर बसतात. मुळाचं टोक खरंच सायनसमध्ये शिरलंय की नुसतं तसं दिसतंय, हे त्यावरून ठरत नाही. सीबीसीटी करा, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. मग आधी ५०० रुपये कशाचे घेतले? रेडिएशन कमीत कमी हवं, म्हणून पायरीपायरीने जायचं. तत्त्व मान्य आहे. पण प्रत्येक पायरीवर पावती मीच फाडतेय, आणि पुढची पायरी २,५०० ची.

नॅथॅनियल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये सायनसच्या या पोकळीचं वर्णन छापलं. त्यात एक बाई आहे. दात काढल्यावर राहिलेल्या भोकातून तिचं पाणी थांबेना. तिने चांदीची सळई घातली, तर ती आत जातच राहिली. मग पिसाची काडी घातली. बाईला वाटलं, मेंदूला पोचली! बिचारीपाशी यंत्र नव्हतं, पण "बघू जरा" म्हणणारे काकाही नव्हते.

सीबीसीटीत सगळं उघडं पडलं. दाढेचे काप बाजूने, समोरून, खालून. मुळातली एक नळी (कॅनाल) रूट कॅनालच्या वेळी भरायची राहिलेली, मुळाच्या टोकाशी काळा गोल, म्हणजे संसर्गाने खाल्लेलं हाड, त्यावर सायनसच्या तळाचं हाड गायब, आतलं अस्तर सुजलेलं. त्यात सायनसचं निचऱ्याचं भोक तळाशी नाही, वर आहे. आमच्या बिल्डरने बाथरूमचा उतार दिलाय, अगदी तसा.

हे सगळं मला सीडीवर मिळालं. घरात सीडी चालेल असं यंत्र २०१५ नंतर उरलेलं नाही. काउंटरवर विचारलं तर मुलीने खांदे उडवले. मागून ओळखीचा आवाज आला.

"माझ्याकडे आहे प्लेअर. आणा घरी, बघू."

काका त्या दिवशीही तिथेच होते. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.