जेलीफिशचं गोत

रविवारी रात्री पावणेदहाला लेकीनं जाहीर केलं, "बाबा, उद्या जेलीफिशच्या नातेवाइकांचा चार्ट न्यायचाय." तिला हे शुक्रवारपासून ठाऊक होतं. नेरुळ स्टेशनजवळच्या स्टेशनरीवाल्यानं शटर अर्धं ओढलं होतं. वाकून आत शिरलो. एकच चार्टपेपर उरला होता, गुलाबी. घेतला.

"सीलेंटराटा संघ. सोप्पं आहे!" मी बाह्या सरसावल्या.

"आता निडारिया म्हणतात, बाबा."

तिचं खरं होतं. हॅचेक नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं १८८८ सालीच त्या सीलेंटराटा घराची वाटणी करून निडारिया वेगळे काढले होते. आमच्या शाळेपर्यंत ती बातमी शंभर वर्षांत पोचली नव्हती, एवढंच.

मग लक्षात आलं, या कुळात चेहऱ्यावर जायचंच नाही. जेलीफिश मुळात मासाच नाही. दगडासारखं बसून राहणारं प्रवाळ तिचं नातेवाईक, फुलासारखं दिसणारं समुद्रफूलही. खूण एकच, दंशपेशी. पूर्वी पेटीच्या आकाराची बॉक्स जेलीफिश खऱ्या जेलीफिशांबरोबरच एका वर्गात नांदायची; १९७३ साली तिला वेगळा वर्ग मिळाला. देठानं चिकटून राहणाऱ्या जेलीफिशांना त्यासाठी २००४ उजाडावं लागलं. आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स डीड अजून व्हायचंय, तेव्हा मला ही गती बरीच वाटली.

पावसाळ्यात जुहूला येणारं निळं पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर तर एक जीवच नाही. ती वसाहत. कुणी फक्त शिकार करतो, कुणी फक्त पचवतो, कुणी फुगा होऊन तरंगतो. (आमच्या घरात तरंगणारा कोण, यावर मतभेद आहेत.) शिवाय माशांच्या अंगात फुकट राहणारे, जेमतेम काही पेशींचे मिक्सोझोआ. तेही सख्खेच. असा एक प्रत्येक घरात असतो.

साडेअकराला सगळे चिकटले. हातात एक चित्र उरलं, कंगवा जेली. पारदर्शक, लिबलिबीत, अगदी जेलीफिशची बहीण शोभावी अशी. पण दंशपेशी नाहीत. ती भक्ष्य पकडते चिकट पेशींनी. संघच वेगळा!

"इतकी सारखी दिसते, आणि कुणीच नाही?" मी वैतागलो.

बायको फेविकॉलचं झाकण लावत म्हणाली, "आपल्या लग्नाच्या ग्रुप फोटोत ते झब्बेवाले काका नाहीत का? तुमच्याकडचे?"

"आमच्याकडचे? मी सोळा वर्षं त्यांना तुझा मामा समजतोय."