गाळण्यातच खरी मेख आहे

एक्सोसोम, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्या, औषध आणि निदानासाठी वापरण्यावरचा लेख वाचला; ते ‘आता सहज वेगळे करता येतात’ हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. जेमतेम ३० ते १५० नॅनोमीटरचे हे कण! रक्तद्रव अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये (अतिवेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) गुरुत्वाकर्षणाच्या १,००,००० पट बलाने तासाभराहून जास्त फिरवला, तरी नळीच्या तळाशी बसलेल्या पुसटशा डागात लिपोप्रोटीन (रक्तातली चरबी वाहून नेणारे कण) आणि नको ती प्रथिनंही चिकटून येतात. पॉलिमर घालून साका बसवणारे किट झटपट खरे, पण गाळ आणखी ओढतात. मग औषध म्हणून टोचायचं ते नेमकं काय?

निदानाबाबत मात्र मला आशा वाटते. कर्करोगाच्या गाठीतून निघालेला आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा रेणू) या पिशवीत शाबूत राहतो. आणि गंमत म्हणजे, १९८३ मध्ये हिलाच पेशीची कचरापेटी समजले होते.